पाहुण्यांसाठी धुतलेले दगड

माझी भाची भूशास्त्र शिकायला नांदेडला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक सुटकेस, एक गादी आणि एक हातोडा होता. हातोडा बघून घरमालकांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "पाहुणी किती दिवस हाय?" मी म्हणालो, "दोन वर्षं." त्या दिवसापासून ते वर येताना खालूनच खाकरायला लागले.

दोन वर्षांत तिनं माझ्या पलंगाखालची सगळी जागा घेतली. आपल्याकडचा काळा दगड वरून म्हशीसारखा दिसतो, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. पण हा दगड कधीकाळी तापलेला पातळ रस होता. त्यात वाफेचे बुडबुडे अडकले आणि रस थिजल्यावर त्यांच्या जागा तशाच पोकळ राहिल्या. मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि आतून स्फटिक वाढत गेले. विहीर खणताना सुरुंग उडाला की अशी एखादी पोकळी फुटते. खणणारे ती ढिगाऱ्यावर फेकतात, त्यांना पाणी हवं असतं. उमरीकडं, लोह्याकडं, कुठंही शेतात विहिरीवरची क्रेन दिसली की स्कूटरवर मागं बसलेली भाची माझ्या पाठीवर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे थांबा. मी बांधावर उभा राहायचो आणि ती ढिगारा उपसायची. एकदा एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "पोरीचं काय हरवलंय?"

"काही नाही."

"मग काय शोधून राहिली?"

"दगड."

तो आपल्या डोंगराएवढ्या ढिगाऱ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ट्रॅक्टर लावू का?"

यातले काही दगड चमकतात हे मला पहिल्यांदा कळलं ते भर एप्रिलच्या दुपारी, घोंगडीखाली. भाचीनं कुठूनसा अतिनील प्रकाशाचा टॉर्च मागवला होता. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळं त्याची करामत बघायला काळोख लागतो, आणि आमच्या घरात काळोख मिळण्याची एकच जागा होती. आम्ही मामा-भाची पलंगावर घोंगडी पांघरून बसलो. नांदेडचा एप्रिल, त्यात घोंगडी. बायको आत आली.

"दोघं काय करून राहिलेत?"

"दगड बघून राहिलो," मी आतून म्हणालो.

"बघा," ती म्हणाली, गेली, आणि ओला टॉवेल आणून घोंगडीवर टाकला.

पण त्या घामाच्या काळोखात भाचीनं टॉर्च लावला आणि हातातला मळकट, पांढुरका खडा चुलीतली राख फुंकल्यावर निखारा दिसावा तसा नारिंगी झाला. दुसरा दगड साधाच होता, त्याच्या कडेनं मात्र कैरीच्या सालीसारखी हिरवी रेघ उजळली. तिनं टॉर्च बंद केला तरी तो नारिंगी खडा क्षणभर तसाच राहिला, मग सावकाश विझला. मी तिला सगळं परत करायला लावलं. मग आणखी एकदा.

"हे होतं कसं?" मी विचारलं.

तिनं जे सांगितलं ते मी पुढं लोकांना माझ्या पद्धतीनं सांगत आलोय. स्फटिकात कुठंतरी एखाद्या परक्या धातूचा कण अडकलेला असतो. तो हा न दिसणारा प्रकाश घेतो आणि दिसणारा परत करतो. लग्नातल्या आहेरासारखं. आहेर घ्यायचा, परतीचा आहेर द्यायचा, आणि परतीचा नेहमी थोडा हलका असतो, कारण मधल्यामधे काहीतरी घरात राहतंच. ज्या दगडात तो परका कण नाही, तो आहेर घेऊन गप्प बसतो. भाचीला ही उपमा आवडली नव्हती. "मामा, यात आहेर कुठून आला?" ती म्हणाली. पण चूक आहे असंही म्हणाली नाही.

शिक्षण संपलं, ती लातूरला आईवडिलांकडं परत गेली. पाठोपाठ एका छोट्या टेम्पोत तिची सहा खोकी गेली. आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं.

पहिलं स्थळ आलं, त्यातल्या मुलानं खोकी बघून विचारलं की हे सगळं लग्नानंतर कुठं ठेवणार. भाची म्हणाली, "सोबत." मुलाचे काका म्हणाले, "चांगलंय की. घर बांधायला काढलंयच, पायात भरायला होतील." भाचीनं हातातला चहा खाली ठेवला आणि ती आत निघून गेली. ते स्थळ तिथंच संपलं.

दुसरं स्थळ शिरूर अनंतपाळचं. मुलगा तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल. घरात वडील आणि वडिलांची मोठी बहीण, म्हणजे मुलाची आत्या. मुलाची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर या आत्याबाईंच्या शब्दावर चालायचं. मुलगा आणि भाची महिनाभर फोनवर बोलत होती. आमची भाची फोनवर "हं" आणि "बरं" यांपलीकडं कधी गेली नव्हती, ती आता फोन आला की गच्चीवर जायची आणि तासाभरानं खाली यायची. तिनं मला फोन करून सांगितलं, "मामा, माणूस चांगलाय. पण दगड माझ्यासोबत येणार, आणि बघायला एक अंधारी खोली लागणार. हे आधीच बोलून घ्या. नंतर मला भांडायचं नाहीये."

निरोप गेला. उलटा निरोप आला तो आत्याबाईंचा. मुलगी आली तर आनंदच आहे. दगडं आणू नयेत. शेतातली दगडं बाहेर काढण्यात आमच्या चार पिढ्या गेल्या, आता घरात आणायची न्हाईत.

अक्का, म्हणजे माझी बहीण, मला फोनवर म्हणाली, "पोरगी 'मग मी पण नाही' म्हणाली आणि नळ सोडून न्हाणीत बसली. अर्धा तास झाला. पाणी सगळं वाहून चाललंय." अक्काला नळाची काळजी नव्हती, हे मला कळत होतं. पोरीला तो माणूसही हवा होता आणि ती खोकीही, आणि दोन्ही मिळतील असं कुणाला वाटत नव्हतं.

मी म्हणालो, "वाद घालू नका. बघण्याचा कार्यक्रम ठेवा. आत्याबाईंना एकदा दगड दाखवू, मग त्यांनी काय ते ठरवावं." आणि दाखवायचं काम अर्थातच मी घेतलं. आमच्या गोतावळ्यातल्या प्रत्येक लग्नात माइक माझ्या हातात असतो. लोक म्हणतात, याच्या हातातून माइक घ्यायला दुसरं लग्न लागतं.

रविवार ठरला. मी आदल्या दिवशीच लातूरला पोचलो. आतल्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना सतरंज्या ठोकल्या, दाराखालच्या फटीत गोधडी सारली, मध्ये टेबल मांडलं. भाचीनं अठरा दगड निवडून टेबलावर ठेवले. मला बजावलं, "यातले चारच चमकतात. बाकीचे शेजारी ठेवायला. फरक दिसला पाहिजे." मी मान डोलावली. आदल्या दिवशी मी बऱ्याच गोष्टींना मान डोलावली होती.

सकाळी अकराच्या सुमाराला पाहुणे आले. शरणार्थ-नमस्कार झाले. वडील पांढऱ्या धोतरात, मृदू बोलणारे. मुलगा पांढऱ्या शर्टात, तोही मृदू बोलणारा. घरातला सगळा आवाज आत्याबाईंच्या वाट्याला आला होता. त्यांनी चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, शेंगदाणे कमी पडलेत असं मोकळेपणानं सांगितलं आणि दुसऱ्यांदा घेतली. भाची नवीन साडीत, केसात गजरा, सगळ्यांना पाणी देऊन गेली. मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं.

टेबलावरचे दगड लखलखत होते. मला वाटलं, वा. यापलीकडं मी काही विचार केला नाही.

दार लावलं, काळोख झाला, आणि मी टॉर्च लावला. आधी माणसंच उजळली. मुलाचा शर्ट निळसर पांढरा पेटला. वडिलांचं धोतर असं चमकलं की त्यांनी स्वतःच खाली बघून "अरेच्चा" म्हटलं. कुणी हसलं की दात चमकायचे, त्यामुळं सगळे अधिकच हसले. मी टॉर्च टेबलाकडं वळवला. आणि सगळेच्या सगळे अठरा दगड चंद्रासारखे निळे-पांढरे उजळले.

चार म्हणाली होती ना, असं मनात आलं. पण अठरा असले तर वाईट काय? मी सूर लावला. "आत्याबाई, आपण ज्याला काळा फत्तर म्हणतो, त्याच्या पोटात हे चांदणं लपलेलं असतं. विहीर खणणाऱ्याला पाणी दिसतं. आमच्या पोरीला हे दिसतं." मी आवाज जरा खाली आणला, तो कुठं आणायचा हे मला चांगलं ठाऊक आहे. "तुमच्या घरी दगड येत नाहीयेत आत्याबाई. उजेड येतोय."

काळोखात आत्याबाई म्हणाल्या, "लई भारी हाय हे."

दाजींनी माझा खांदा दाबला. अक्कानं सोडलेला नि:श्वास मला ऐकू आला. जिंकलो होतो आम्ही. आता फक्त दिवा लावायचा आणि चहाचा दुसरा राउंड.

"मामा, थांबा जरा."

भाचीनं माझ्या हातातून टॉर्च घेतला. एक दगड उचलून डोळ्याजवळ नेला. बोट घासलं. बोट उजळलं. मग तिनं दगड नाकाशी नेला.

मला धोका कळला. गप्प बस, हे सांगायला मी काळोखात पाय पुढं करून तिच्या पायावर हलकेच ठेवला. "अगं आई," असं मुलाचे वडील म्हणाले.

"हे दगड चमकत नाहीयेत," भाची म्हणाली. "ही कपडे धुवायची पावडर आहे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, ते या उजेडात चमकतं. तुमचा शर्ट चमकला तसंच. दगड कुणीतरी पावडरीत भिजवलेत."

काळोखात दाराकडून आवाज आला. अक्का म्हणाली, "मग काय मातीचे दगड ठेवायचे पाहुण्यांसमोर? पहाटे उठून घंगाळात गरम पाणी केलं, भिजत घातले, काथ्यानं घासले. आता घरातलं काहीतरी चांगलं दिसावं म्हणून मी..."

मी दिवा लावला. दिव्याच्या उजेडात सगळ्यांची तोंडं दगडांपेक्षा वाईट दिसत होती. दाजी सतरंजीकडं बघत होते. टेबलाच्या कडेला एक पांढरा, म्हातारीच्या कापसासारखा केसाळ स्फटिकांचा गोळा होता, तो काथ्यानं घासून चपटा झाला होता. भाचीनं तो हातात घेतला, बघितला आणि परत ठेवला.

"म्हणजे आत्ता दाखवलं ते खोटं?" आत्याबाईंनी विचारलं.

"खोटं," भाची म्हणाली. "यातले चारच खरे आहेत."

"तुझा मामा तर चांदणं म्हणत होता."

"मामाला ठाऊक नव्हतं. मामाला नेहमीच थांबवावं लागतं."

आत्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "मग खरे दाखव."

"आत्ता नाही दाखवता यायचे. साध्या पाण्यात एकेक धुवावा लागेल, ब्रशनं, फटीफटीतून. वेळ लागेल."

"आम्हाला जेवायच्या आत निघायचंय." त्या भावाकडं वळल्या. भाऊ अजून पायाचा अंगठा चोळत होता.

तेवढ्यात मुलानं शर्टाची बाही दुमडली. घरात आल्यापासून तो सगळा मिळून चार वाक्यं बोलला होता, हे पाचवं. "ब्रश कुठंय?"

त्यानंतर लातूरच्या त्या गल्लीनं जे बघितलं ते तिला बरेच दिवस पुरलं. बघायला आलेला मुलगा मागच्या अंगणात, नळाखाली, धुण्याच्या दगडासमोर उकिडवा बसलेला. समोर नवीन साडीचा काचा मारून मुलगी. दोघांच्या हातात दातांचे जुने ब्रश. अक्का येरझाऱ्या घालत होती, "अहो राहू द्या, तुम्ही कशाला, मी करते." भाची म्हणाली, "आई, तू नको." शेजारच्या गच्चीवरून एका बाईनं विचारलं, "काकू, पाहुण्यांकडून काय धुवून घेऊन राहिलात?" दाजी घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आत्याबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. त्या दोघांकडं बघत होत्या. मुलगा ब्रश जोरात घासायला लागला की भाची म्हणायची, "हळू, तो मऊ आहे, नखानंसुद्धा ओरखडा पडतो," आणि तो लगेच हळू करायचा. दोनदा तिनं त्याच्या हातातला दगड काढून दुसरा दिला. एकदा दोघं कशालातरी हसली. कशाला, ते पाण्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मी तसा बऱ्यापैकी जवळ उभा होतो.

काही वेळानं आत्याबाईंनी विचारलं, "पोरी, तू सांगितलंस कशाला? आम्हाला काय कळणार होतं? मी तर हो म्हणायला लागले होते."

भाचीनं ब्रश थांबवला नाही. "तुमच्या घरी आल्यावर एखाद्या दिवशी तुम्ही म्हणाला असता, ते दगड दाखव गं माझ्या मैत्रिणींना. मी दाखवले असते. अठरातले चौदा काळे निघाले असते. मग मी काय सांगितलं असतं? आईची पावडर संपली म्हणून?"

खुर्ची थोडी पुढं सरकवून एक धुतलेला दगड आत्याबाईंनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पदरानं पुसला.

"पदरानं नको," भाची म्हणाली. "पदरालाही पावडर असते."

त्यांनी पदर सोडला आणि दगड वाळायला उन्हात ठेवला.

दगड वाळेपर्यंत अक्कानं सगळ्यांना जेवायला बसवलं, जेवायच्या आत निघायचं होतं ही गोष्ट कुणीच काढली नाही. जेवणानंतर आम्ही परत आतल्या खोलीत गेलो. दार लावण्याआधी भाचीनं मला सांगितलं, "मामा, आता तुम्ही बोलू नका." मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

काळोख. टॉर्च लागला. टेबलावर काहीच नव्हतं. म्हणजे दगड होते, पण काळे, विझलेल्या कोळशासारखे. वडिलांचं धोतर मघासारखंच पेटलं होतं, त्या उजेडात टेबल आणखीच रिकामं दिसत होतं. माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी कसं गिळलं ते माझं मला ठाऊक.

भाचीनं टॉर्च एका कोपऱ्याशी नेला. एक खडा आतून नारिंगी झाला. मग एकाच्या कडेला ती हिरवी रेघ उमटली. तिसरा फिकट पिवळा, इतका फिकट की बघणाऱ्याला जवळ यावं लागत होतं, आणि आत्याबाई जवळ आल्या. चौथा गुलाबी, डाळिंबाच्या कच्च्या दाण्यासारखा. अठरातले चार.

"बाकीचे?" आत्याबाईंनी विचारलं.

"बाकीचे नाहीत चमकत. पण उजेडात ते चांगले दिसतात. सगळ्यांनी सगळं करायची गरज नसते."

मग तिनं टॉर्च बंद केला. नारिंगी खडा क्षणभर तसाच राहिला. त्याच्याकडं एक हात गेलेला मला दिसला, त्याच्याच उजेडात. जाड, कष्टाची बोटं, दोन हिरव्या बांगड्या. मग खडा विझला आणि हातही दिसेनासा झाला.

कुणी दिवा लावला नाही. त्या काळोखातच आत्याबाईंचा आवाज आला, मघापेक्षा बराच खाली.

"खोकी किती हाईत म्हणालीस?"

"सहा."

"आणखी वाढणार का?"

"वाढणार," भाची म्हणाली.

अक्काच्या बांगड्या वाजल्या. बहुधा तिनं कपाळाला हात लावला.

आत्याबाई म्हणाल्या, "देवघराच्या मागं एक खोली हाय. खिडकी न्हाई तिला. आम्ही ज्वारीची पोती ठेवतो."

"खाली ओल असते का तिथं?" भाचीनं विचारलं.

"न्हाई. ज्वारी ठेवतो म्हणलं की. ओल असती तर ठेवली असती का?"

"मग पोत्यांचं?"

"पोती पडवीत जातील," मुलगा म्हणाला.

"पडवीत उंदरं हाईत," त्याचे वडील म्हणाले. त्या दिवसभरात त्यांनी घेतलेली ही पहिलीच हरकत.

"मांजर पाळू," आत्याबाई म्हणाल्या. "कुणीतरी तो दिवा लावा आता. पोरीला त्या खोलीचं माप सांगायचंय."